सात नंबरचा काळा शिक्का

नोंदणी कार्यालयाच्या तळमजल्यावर मुळात सहा खिडक्या होत्या. सातवी आम्ही उभी केली. ती प्लायवूडची होती, रीतसर लेखी परवानगी काढून उभी केलेली होती, आणि तिच्यामागे बसणारा माणूस, म्हणजे मी, कार्यालयाचा नोकर नव्हतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण हल्ली हे कुणाला सांगायला गेलं की लोक माझ्याकडे फार मायेने बघतात आणि रजा घ्या म्हणतात.

मी घड्याळजी. बसथांब्यासमोर माझं दुकान आहे, त्यात एक माणूस आणि अर्धं गिऱ्हाईक मावतं. भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, चित्रपट काढतात. ते स्वतंत्र दिग्दर्शक आहेत. म्हणजे त्यांच्या चित्रपटाशी दुसऱ्या कुणाचाही संबंध नसतो, प्रेक्षकांचाही नसतो. शैली गडद, मनाच्या तळघरात उतरणारी. पहिल्या चित्रपटात एक माणूस एक तास बारा मिनिटं दिव्याच्या बटणाकडे बघत बसतो. दुसऱ्यात एक बाई स्वतःच्याच घराची बेल वाजवते, आतून तिच्याच आवाजात ‘कोण?’ असं येतं, आणि ती पुन्हा बेल वाजवते. तिसऱ्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण पडद्यावर काही दिसलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. तिन्हींचे मिळून प्रेक्षक एकशे अकरा. त्यांतले चाळीस आमचे नातेवाईक होते आणि ते सांगून आणलेले होते.

गंमत अशी की घरात या माणसाइतकं आनंदी दुसरं कुणी नाही. भाच्यांशी पत्ते खेळताना बिनदिक्कत फसवतात, आंघोळ करताना गातात, पाल दिसली की खुर्चीवर चढतात. कॅमेरा बाहेर निघाला की मात्र काळा सदरा घालतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, ‘‘अंधार म्हणजे उजेडाचा अभाव नव्हे, तो माणसाचा स्वभाव आहे.’’ एवढं बोलून झालं की ताईला विचारतात, काही गोड उरलंय का.

भावोजींच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान आहे. मुलगा चाळिशीला टेकला तरी ते त्याला बब्याच म्हणतात, आणि त्याच्यासाठी दुकानात एक खुर्ची त्यांनी पंधरा वर्षं रिकामी राखून ठेवलेली आहे. रोज सकाळी ती स्वतः पुसतात. यंदा त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. चौथा चित्रपट महोत्सवाच्या मुदतीत पुरा झाला तर बब्या सुटला, परत कधी विषय काढणार नाही. नाही झाला तर पहिल्या तारखेपासून खुर्चीवर. वर असंही म्हणाले की तीन चित्रपटांत तू लोकांना झोपवलंसच, आमच्याकडे निदान अंगाखाली गादी तरी असते. भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. ताईने तेव्हा पहिल्यांदा मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा रे, या माणसाचं हे एवढं एक पुरं होऊ दे.

चौथ्या चित्रपटाची कल्पना अशी. एक माणूस खिडकीसमोर उभा राहतो. आतला कारकून त्याला तीन गोष्टी बोलतो. आणि तो माणूस आतून तुटतो. हा तुटण्याचा क्षण नटाकडून घ्यायचा नाही, अशी भावोजींची अट. नट रडतो, तुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी खऱ्या कार्यालयात, खऱ्या माणसांसमोर एक खोटी खिडकी उभारायची. माझ्या पाठीमागे एक लोखंडी कपाट, कपाटात भोक, भोकामागे कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे कॅमेरावाला. तो बिचारा सकाळी दहाला डबा घेऊन कपाटात शिरायचा आणि पाचला घामाघूम होऊन बाहेर पडायचा. दृश्य मनासारखं मिळालं की त्याने आतून तीनदा टकटक करायची, असं ठरलं होतं.

कारकून म्हणून माझी निवड चेहऱ्यामुळे झाली. भावोजी म्हणाले, ‘‘तुझ्या चेहऱ्यावर काहीही नाही. इतकं रिकामं काही मी आजवर पाहिलं नाही.’’ मी ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, तो लहानपणापासून तसाच आहे.

कार्यालयाने तीस दिवसांची परवानगी दिली ती दोन अटींवर. एक, दैनंदिन कामकाजात व्यत्यय येता कामा नये. दोन, उभारलेली रचना मूळ वास्तूशी विसंगत दिसता कामा नये. पुढचं सगळं रामायण या दुसऱ्या अटीने घडवलं. विसंगत दिसू नये म्हणून आम्ही खिडकीला तोच तपकिरी रंग दिला, तसाच खरवडला, काचेला तसाच तडा पाडला, कठड्यावर दोरीने बांधलेलं न उमटणारं पेन ठेवलं आणि वर सात आकडा रंगवला. पाहणीसाठी आलेला शिपाई इतका खूश झाला की त्याने आपण होऊन कठड्यावर चहाचा एक डाग पाडून दिला.

माझी वाक्यं तीन. माणूस समोर आला की साठ सेकंद नुसतं त्याच्याकडे बघायचं. हे मला जमतं, घड्याळजी माणूस साठ सेकंदाला चुकत नाही. मग विचारायचं, ‘‘तुम्ही नक्की कोण आहात?’’ मग, ‘‘हे तुम्हाला केव्हापासून वाटतंय?’’ आणि शेवटी, अगदी हळू, ‘‘तुमच्या जागी काल इथे कुणीतरी येऊन गेलं.’’ तालमीच्या वेळी हे तिसरं वाक्य ऐकून कॅमेरावाल्याच्या अंगावर काटा आला. शिवाय माझ्या हाताशी एक शिक्का होता. त्यावर अक्षर नाही, आकडा नाही, फक्त भरीव काळा गोल. भावोजी त्याला शून्याचा शिक्का म्हणत.

पहिल्या दिवशी पहिल्या आल्या त्या एक पिशवीवाल्या बाई. मी साठ सेकंद बघितलं. त्या शांत उभ्या राहिल्या, तेवढ्यात त्यांनी पदराने चष्मा पुसून घेतला.

‘‘तुम्ही नक्की कोण आहात?’’ मी विचारलं.

बाईंनी पिशवीतून तीन ओळखपत्रं काढली आणि प्रत्येकाची झेरॉक्स.

‘‘हे तुम्हाला केव्हापासून वाटतंय?’’

‘‘अकरा वर्षं झाली,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण पहिली चार दुसऱ्या वॉर्डात होते, ती धरायची की नाही ते तुम्ही बघा.’’

मी आवाज खाली आणला. ‘‘तुमच्या जागी काल इथे कुणीतरी येऊन गेलं.’’

बाई खिडकीशी वाकल्या. ‘‘त्यांचं काम झालं का? कोणता अर्ज भरला होता त्यांनी?’’

मी गडबडलो. यापुढचं वाक्य मला लिहून दिलेलं नव्हतं. हात शिक्क्यावर होता, तो त्यांच्या कागदावर दाबला. बाईंनी तो काळा गोल बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. सहा खिडक्यांत मिळून नऊ खेपा झाल्या, कुणी शाई लावली नव्हती, असं त्या म्हणाल्या. बाहेर पडताना भावोजी त्यांच्यापुढे संमतीपत्र घेऊन उभे होते. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं की ही खिडकी खोटी आहे, कारकून खोटा आहे आणि आपलं चित्रण झालेलं आहे. बाईंनी सही केली आणि विचारलं, दोन प्रतींत लागेल का.

पुढे महिनाभरात तीन हजारांवर माणसांनी त्या पत्रावर सह्या केल्या. वाचलं एकानेही नाही. एक गृहस्थ चष्मा चढवून बराच वेळ कागद न्याहाळत होते, तेव्हा आम्हाला वाटलं, हे वाचतायत. त्यांनी खालची एक मोकळी ओळ दाखवून विचारलं की इथे वडिलांचं नाव घालू का.

दुसऱ्या दिवशी सातसमोर तेरा माणसं होती. पिशवीवाल्या बाईंनी बाहेर सांगितलं असणार. आणि त्यांचा कागद तीन नंबरच्या मॅडमनी मुकाट्याने घेतला होता. काळ्या गोलाचा अर्थ काय, हे विचारावं तर आपल्याला तो माहीत नाही असं दिसणार, म्हणून मॅडमनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी काळा गोल नसलेला कागद त्यांच्याकडे नेला. मॅडमनी तो उलटसुलट करून परत दिला आणि सांगितलं, आधी सातवर जाऊन काळा शिक्का घेऊन या. आठवडा संपायच्या आत सहाही खिडक्या हेच सांगू लागल्या, आणि माझी रांग दारातून बाहेर, पायऱ्या उतरून, सायकली लावायच्या जागेपर्यंत गेली.

भावोजी पहिले दोन दिवस हरखून गेले होते. एवढे चेहरे, तेही फुकट. मग संध्याकाळी ते दृश्यं बघायला बसायचे आणि कपाळाला हात लावायचे. कुणी तुटतच नव्हतं. माणसाच्या अस्तित्वाच्या मुळावर घाव घालणारा प्रश्न विचारावा, तर लोक झेरॉक्स काढून देत. त्याहून वाईट म्हणजे ती साठ सेकंदांची शांतता लोकांना आवडायला लागली. भावोजींनी ती दहशतीसाठी योजली होती. पण एक निवृत्त मास्तर रोज येऊ लागले. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या कागदावर चार काळे गोल झालेत, आता काय काम? ते म्हणाले, ‘‘काम काही नाही. घरात सगळे फोनमध्ये असतात. पूर्ण एक मिनिट माझ्या तोंडाकडे बघणारा माणूस या गावात तुम्हीच.’’ त्या दिवशी मी त्यांना सत्तर सेकंद दिले.

रांगेत तर मेळावाच भरायचा. लोक डबे उघडायचे, एकमेकांच्या कागदांतल्या चुका काढायचे, मागच्याला जागा धरायला सांगून बाजारात जाऊन यायचे. माझ्यासमोर पोचेपर्यंत सगळे हसतमुख झालेले असत. भावोजी एक दिवस काळ्या सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले, ‘‘अरे, हा चित्रपट विनोदी होतोय.’’ एखाद्याच्या घरी चोरी झाल्यावर बोलतात तसा त्यांचा आवाज होता. ताईने त्यांच्यापुढे वाटीभर गोड ठेवलं, तेही त्यांनी अर्धंच खाल्लं.

पंधराव्या दिवशी मोठे साहेब खाली आले. मला वाटलं, संपलं, आता प्लायवूडसकट बाहेर. साहेबांनी खिडकी न्याहाळली, रांग न्याहाळली आणि मला विचारलं की या खिडकीचा साप्ताहिक अहवाल का येत नाही. मी खरं सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, सबबी नकोत. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर माझी नोंद झाली, तिसऱ्या दिवशी पंखा आला, आणि चौथ्या दिवशी भिंतीवर फलक लागला की सर्वाधिक प्रकरणं निकाली काढणारी खिडकी, क्रमांक सात. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ परत द्यायचं म्हणून मी एक दिवसाची रजा मागितली, तर बदली कर्मचारी नसल्याने ती नामंजूर झाली. तेव्हापासून लोक घड्याळं खिडकीतच आणून देऊ लागले.

एकोणतिसावा दिवस उजाडला. चित्रपट सगळा तयार होता, फक्त तुटण्याचा क्षण नव्हता. तिकडे दुकानातल्या खुर्चीला नवीन कव्हर घातल्याची बातमी ताईने आणली. भावोजी मुदतवाढीचा अर्ज घेऊन दोन नंबरच्या खिडकीवर गेले. तिथल्या कारकुनाने फाइल काढून पाहणी अहवाल वाचून दाखवला. ‘प्रत्यक्ष पाहणीत चित्रीकरणासाठी उभारलेली कोणतीही रचना आढळून आली नाही. सर्व सात खिडक्यांचे कामकाज नियमित सुरू होते.’ सबब दिलेली परवानगी न वापरल्यामुळे आपोआप रद्द झालेली होती. चालू खिडकीवर चित्रीकरण करायचं असेल तर त्या खिडकीची ना हरकत लागेल. कारकून म्हणाला, सातवर जा, काळा शिक्का घेऊन या.

भावोजी रांगेत उभे राहिले. मी त्यांना पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर महिनाभरात मी माणसं बघणं सोडून दिलं होतं. साठ सेकंद मोजायचे, एवढंच. अडीच तासांनी ते समोर आले तेव्हा मी मोजायला सुरुवात केली होती, आणि एकदा मोजायला लागलेला घड्याळजी मधेच थांबत नाही. मागे सत्तर माणसं बघत होती. पुढ्यातला माणूस आपला म्हणून त्याला आधी सोडला, असं कुणी म्हणायला नको, असंही मनात आलं. हे विचार कधीपासून माझ्या डोक्यात यायला लागले ते मला कळलं नाही.

‘‘तुम्ही नक्की कोण आहात?’’

भावोजी हसले. ‘‘अरे, मी.’’

‘‘ओळखपत्र काढा हो,’’ मागून पिशवीवाल्या बाई म्हणाल्या. त्या दुसऱ्या कामासाठी आल्या होत्या. भावोजींनी खिसे चाचपले. पाकीट घरी होतं.

‘‘हे तुम्हाला केव्हापासून वाटतंय?’’

‘‘वाटतंय काय? मी दिग्दर्शक आहे. हा सेट आहे. ही खिडकी प्लायवूडची आहे, हे वाक्य मी लिहिलंय.’’ त्यांनी कठड्यावर मूठ आपटली. मास्तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पहिल्या खेपेला सगळ्यांना असंच होतं.

‘‘तुमच्या जागी काल इथे कुणीतरी येऊन गेलं,’’ मी म्हटलं. रोज दीडशे वेळा म्हणायचो तसंच म्हटलं. आणि म्हणता म्हणता मला आठवलं की काल खरंच कुणीतरी येऊन गेलं होतं. त्यांचे वडील आले होते. तुम्ही नक्की कोण, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, बब्याचा बाप. महिनाअखेरीला गर्दी असते म्हणून दोन दिवस आधीच आलो, असंही म्हणाले होते. मी त्यांच्या कागदावर काळा गोल दाबला होता. तो कागद मी वाचला नव्हता.

ड्रॉवरमधून कार्यालयीन प्रत काढली आणि पुढे सरकवली. चिरंजीवांच्या व्यवसायाच्या नोंदीत बदल करण्याबाबत. ‘दिग्दर्शक’ ऐवजी ‘गादी विक्रेता’ असे वाचावे. बदलाचे कारण: वय. खाली काळा शिक्का, आणि पुढे सहाही खिडक्यांच्या सह्या. मुलाने समक्ष हजर राहिलं पाहिजे, हे एकालाही सुचलं नव्हतं.

भावोजींनी कागद एकदा वाचला. मग पुन्हा वाचला. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू आपल्याला ओळखणारं आता कुणीही उरलेलं नाही, निदान या खिडकीत तरी नाही. डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. मला इतकी शरम वाटली की प्लायवूड फोडून पलीकडे जावं आणि त्यांना मिठी मारावी. ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी शिक्का खाली ठेवला.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे कपाटातून टकटक आली. एक, दोन, तीन.

भावोजींनी मान वर केली. ‘‘मिळाला?’’ त्यांनी कपाटाला विचारलं.

‘‘मिळाला,’’ कपाट म्हणालं.

गालांवरून पाणी वाहत असताना तो माणूस असा हसला की सगळी रांग हसायला लागली. पिशवीवाल्या बाईंनी त्यांना पाण्याची बाटली दिली. जाताना दारातल्या टेबलावर भावोजींनी संमतीपत्रावर सही केली. स्वतःच लिहिलेलं होतं, तरी वाचलं नाही.

चित्रपट मुदतीत गेला. वडील शब्दाला जागले आणि बब्याला मोकळा केला. पण महोत्सवाला व्यवसायाचा दाखला लागतो, आणि दाखल्यावर गादी विक्रेता, म्हणून चित्रपट हौशी गटात घेण्यात आला. तिथे त्याला पहिला क्रमांक मिळाला. खेळ संपल्यावर प्रेक्षक बराच वेळ सुन्न बसून होते. भावोजींचा ऊर भरून आला. मग एक जण उठला आणि त्याने विचारलं की सात नंबरची वेळ काय, आणि शनिवारी चालू असते का. परीक्षकांनी अभिप्रायात नागरिकांना अत्यंत उपयुक्त असं लिहिलं. आता तो चित्रपट कार्यालयाच्या दालनात दिवसभर दाखवतात, म्हणजे रांगेतल्या लोकांना आधीच कळतं की कागद कोणते आणायचे. रोजचे प्रेक्षक चारशे. भावोजींच्या पुढच्या सात पिढ्यांनीही एवढे जमवले नसते.

नोंद दुरुस्त करायला ते अधूनमधून येतात. त्याला आधी तीन नंबरची शिफारस लागते, आणि मॅडम म्हणतात की गादी विक्रेत्याला दिग्दर्शक व्हायचं असेल तर अनुभवाचा दाखला हवा. तोवर ते दुकानात बसतात. नव्या कव्हरच्या खुर्चीवर, काळ्या सदऱ्यात, आणि मजेत आहेत. परवा घरी जेवताना हळूच म्हणाले, लोक गादी बघायला येतात, तिच्यावर आडवे होतात आणि मिनिटभर छताकडे बघत राहतात, इतका गडद चेहरा आपण आयुष्यात पाहिला नव्हता. कॅमेरावाल्यासाठी ते सध्या एक मोठी, पोकळ गादी शिवून घेतायत.

मी अजून सातमध्येच आहे. राजीनाम्यावर काळा शिक्का लागतो आणि स्वतःच्या कागदावर स्वतः शिक्का मारता येत नाही, असा नियम निघाला आहे. तो नियम माझ्याच शिक्क्याने निघाला. तक्रार नाही. पंखा चांगला आहे आणि मास्तर रोज येतात.

त्या काळ्या गोलाचा अर्थ मात्र आजवर एकानेही विचारलेला नाही. तुम्ही तरी कुठे विचारलात? इथवर वाचत आलात, हसलात, आणि मघापासून मनात तुमच्या घरच्या कपाटातली ती निळी फाइल घोळतेय. बघा काढून. पहिल्या कागदावर, उजवीकडे खाली. नसेल तर घाबरू नका, उद्या दहाच्या आधी या. झेरॉक्स बाहेरूनच काढून आणा. आणि समोर आल्यावर घाई करू नका, साठ सेकंद मी काही बोलणार नाही.